छोट्या टर्बो इंजिनची पिकअप लोडवर, घाटात कशी टिकवायची, आणि जुनी घेताना काय तपासायचं

पिकअप घ्यायची ठरली की घरात, अड्ड्यावर, गॅरेजवर एकच विषय निघतो, एवढंसं इंजिन, वर टर्बो आणि मागे तेराशे-पंधराशे किलो माल, हे किती वर्षं टिकणार? शंका रास्त आहे. टाटा इंट्रा व्ही३० चं इंजिन १४९६ सीसी, अशोक लेलँड दोस्तचं १४७८ सीसी आणि तेही तीनच सिलिंडर, आणि दुसऱ्या बाजूला बोलेरो पिकअपचं सगळ्यांच्या ओळखीचं २५२३ सीसी. म्हणजे एक लिटरचा फरक आणि माल मात्र साधारण तेवढाच ओढायचा. (बोलेरोलाही टर्बो आहे बरं का, लोकांच्या ते लक्षातच नसतं, बोलताना "टर्बोवाल्या गाड्या" म्हणजे बाकीच्या असं बोलतात.)

माझं मत आधीच सांगून टाकतो. छोटं टर्बो इंजिन कमजोर नसतं, पण त्याच्यात राखीव ताकद कमी असते. मोठं इंजिन तुमचं दुर्लक्ष बरेच दिवस अंगावर घेतं आणि छोटं घेत नाही, एवढाच काय तो फरक. ऑइल, हवा आणि उष्णता या तीन गोष्टी सांभाळल्या तर ते भरपूर चालतं, आणि त्यातली एक जरी सोडली तर हप्ते संपायच्या आत इंजिन काम निघतं.

इंजिन बसलं की लगेच टर्बोवर बिल फाडायचं ही सवयही चुकीची आहे. अमेरिकेत पिकअप म्हणजे घरोघरी, तिथे टोयोटाने टुंड्राचं ५.७ लिटरचं व्ही८ बंद करून ३.४ लिटरचं दोन टर्बोंचं व्ही६ दिलं आणि मे २०२४ मध्ये साधारण १ लाख २ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. झालं, लोक म्हणाले बघा टर्बोने घात केला. पण कंपनीने दिलेलं कारण वेगळं होतं, कारखान्यात मशीनिंग करताना निघालेला धातूचा कचरा इंजिनात राहिला आणि त्याने मेन बेअरिंग खराब होऊ शकतात. आणि एप्रिल २०२५ मध्ये जनरल मोटर्सने सुमारे सहा लाख गाड्या बोलावल्या त्या तर ६.२ लिटरच्या व्ही८ च्या होत्या, टर्बोचा संबंधच नाही, तिथेही क्रँक आणि कनेक्टिंग रॉडची भानगड. सांगायचा मुद्दा, इंजिन मरतं ते बहुतेक वेळा बेअरिंग आणि ऑइलपाशी, टर्बो फक्त तिथला ताण वाढवतो.

टर्बोच्या आत काय चाललेलं असतं

हे एकदा नीट समजून घ्या, मग पुढचं काही पाठ करावं लागत नाही. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एका पात्यांच्या चाकाला फिरवतो, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक असतं, ते हवा दाबून इंजिनात कोंबतं. छोट्या टर्बोचा हा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातो. तुमचं इंजिन त्यावेळी दोन-तीन हजारावर असतं. एवढ्या वेगात दांडा बेअरिंगला टेकलेला नसतोच, तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो, आणि हे ऑइल येतं एका बारीक पाइपातून, इंजिनच्याच पंपाकडून, आणि काम झालं की जाड पाइपातून स्वतःच्या वजनाने खाली चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) उतरतं. एका बाजूला घाटात चढताना सहाशे-सातशे डिग्रीचा धूर, मध्ये हा ऑइलचा थर. तो थर काही सेकंद जरी तुटला की दांडा बेअरिंगवर घासतो आणि तिथून टर्बोची उलटी मोजणी सुरू.

म्हणून सगळ्यात आधी चालू-बंद करायची सवय बदला. सकाळी थंड गाडी चालू केली की लगेच रेस देऊ नका, ऑइलचा दिवा विझू द्या, अर्धा मिनिट स्लोवर राहू द्या, आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हळू घ्या. पाच-दहा मिनिटं उभं राहून गाडी "तापवत" बसायचीही गरज नाही, त्याने डिझेलच जातं.

बंद करतानाची एक जुनी सवय मात्र खरोखर घातक आहे. आपल्याकडे बरेच ड्रायव्हर चावी फिरवायच्या आधी एक जोरदार रेस मारतात आणि रेस वर असतानाच गाडी बंद करतात. जुन्या बिनटर्बोच्या गाड्यांपासून चालत आलंय, कोणी का म्हणून विचारत नाही. टर्बोच्या गाडीत काय होतं बघा, रेस मारली की दांडा जोरात फिरायला लागतो, त्याच क्षणी इंजिन थांबलं की ऑइल पंप थांबला, आणि दांडा मात्र सुका फिरत राहिला. रोज दहा ठिकाणी माल उतरवणारी गाडी असेल तर रोज दहा वेळा हेच. गाडी ड्रायव्हरच्या हातात असेल तर मालकाने हे बसून समजावून सांगायला पाहिजे, रागावून नाही, कारण सांगून, कारण कळलं की माणूस सवय सोडतो.

आणि घाट चढून वर आलात की लगेच गाडी बंद करू नका. देवगडहून आंब्याच्या पेट्या भरून फोंडा घाटाने राधानगरीमार्गे कोल्हापूरला जाणारी पिकअप डोळ्यासमोर आणा, एप्रिल-मेचं ऊन, पूर्ण लोड, घाटमाथ्यावर आलं की ड्रायव्हरला पहिला चहा आठवतो, गाडी बाजूला घेतली, चावी फिरवली, उतरला. टर्बोच्या आत अडकलेलं ऑइल त्या उष्णतेत तिथल्या तिथे जळतं, काळा कडक थर धरतं आणि हळूहळू तो बारीक पाइप बुजवतं. अशावेळी दोन मिनिटं, फार तर तीन, गाडी स्लोवर ठेवा, तेवढ्यात टायर बघा, दोर-ताडपत्री बघा, मग बंद करा. उलट नाशिकचा भाजीपाला घेऊन कसारा घाट उतरून आलात तर थांबायची काही गरज नाही, उतारावर टर्बोला काम नसतं, तो आधीच थंड झालेला असतो. गावात हळू फिरत असाल तरी नाही. प्रत्येक ठिकाणी मिनिटं मोजत बसू नका, आत्ता इंजिनाकडून जोर घेतला होता का एवढंच बघा.

ऑइल

यात काटकसर करू नका असं मी हात जोडून सांगतो. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड लिहिलाय तोच टाकायचा, "सगळ्या डिझेलला चालतं" असं म्हणून कोणी डब्यातून सुटं ओतत असेल तर थांबवा. बीएस ६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाडीत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असेल तर कमी राखेचं ऑइल लागतं, सीके-४ सारखं, कारण ऑइलची राख फिल्टरमध्ये साचते आणि ती जळून जात नाही, कायमची बसते. पुस्तकात ऑइल बदलायचं जे अंतर दिलेलं असतं ते बऱ्या परिस्थितीतलं असतं, त्याच पुस्तकात धूळ, घाट, सतत थांबत चालणं, पूर्ण लोड यासाठी वेगळी सूचना सापडेल, आणि आपली पिकअप कुठल्या प्रकारात बसते ते तुम्हीच ठरवा. २० हजारला सांगितलं असेल तर मी १०-१२ हजारला बदला म्हणेन. ऑइलसोबत ऑइल फिल्टर पण, दरवेळी, कंपनीचाच. एका टर्बोच्या किमतीत किती वेळा ऑइल बदलून होतं याचा हिशोब एकदा कागदावर मांडून बघा. आणि रिकामा डबा भोक पाडून टाका, नाहीतर तोच डबा डुप्लिकेट ऑइल भरून परत बाजारात येतो.

डिपस्टिक आठवड्यातून एकदा तरी, सपाट जागेवर, गाडी थंड असताना. लेव्हल कमी होते हे सगळ्यांना कळतं, पण लेव्हल वाढली असेल तर जास्त घाबरा. त्याचा अर्थ ऑइलमध्ये डिझेल उतरतंय (डीपीएफ साफ करताना गाडी जादा डिझेल मारते त्यातलं, किंवा नोझल टपकतंय) नाहीतर पाणी. डिझेल मिसळलेलं ऑइल पातळ होतं आणि पातळ ऑइलवर तो दांडा तरंगत नाही. बोटाला लावून वास घ्या, डिझेलचा वास लपत नाही. दुधट दिसलं तर पाणी आहे, गाडी चालवूच नका.

हवा आणि पाइप

ऊस तोडणीच्या फडात, खडी क्रशरवर, कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर म्हणजे टर्बोचा एकमेव राखणदार. दोन लाख फेऱ्यांनी फिरणाऱ्या पात्यावर धुळीचा कण आपटला की पात्याची धार झिजते, आणि तीच धूळ पुढे जाऊन रिंग-लायनर खाते. हवा मारून फिल्टर साफ करायचा तर आतून बाहेर, कमी प्रेशरने, लांबून. पंक्चरवाल्याकडचा पाइप थेट कागदाला लावला की कागदाला बारीक चिरा पडतात आणि त्या डोळ्याला दिसत नाहीत, म्हणून दोन-तीनदा झटकला की बदलूनच टाका. झाकणाची क्लिप नीट बसली का, रबर सील जाग्यावर आहे का ते हात फिरवून बघा. फिल्टरच्या पुढच्या पाइपात आतून धुळीची रेघ दिसली तर धूळ आत जातेय, विषय संपला. आणि फिल्टर फार चोंदलेला ठेवला तर टर्बो जोर लावून ओढतो आणि सीलमधून ऑइलही ओढून घेतो, मग गाडी ऑइल खाते म्हणून आपण इंजिन खोलायला निघतो.

टर्बोपासून इंटरकुलर (दाबून गरम झालेली हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनपर्यंत जे रबरी होज जातात, छोट्या पिकअपच्या निम्म्या तक्रारी तिथेच असतात असा माझा अनुभव. होज फुगतो, क्लॅम्प ढिला होतो, खालच्या बाजूला घासून भोक पडतं, आणि मग गाडी उचलत नाही, चढावर काळा धूर मारते, शिट्टीसारखा किंवा फुस्स आवाज येतो. साबणाचं पाणी होजवर टाका आणि दुसऱ्याला रेस द्यायला सांगा, फेस उडाला की सापडलं. होजमध्ये ऑइलचा हलका ओलसरपणा असणं सामान्य आहे, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) वाफ जाते तिकडे, त्याला घाबरून टर्बो बदलू नका. पण होज काढल्यावर ऑइल खाली सांडलं तर वेगळी गोष्ट.

लोड, गिअर, पाणी

पासिंग तेराशे किलोचं आणि माल सव्वादोन टन, हे आपल्याकडे रोज चालतं, आणि भाडं परवडत नाही हेही खरं आहे, मी काही शहाणपणा शिकवत नाही. फक्त हिशोब पूर्ण करा. जादा लोडवर छोटं इंजिन पूर्ण वेळ पूर्ण बूस्टवर (टर्बोच्या हवेच्या दाबावर) राहतं, धुराची उष्णता वाढते, हेड गॅस्केट, पिस्टन, टर्बो तिघांचंही आयुष्य एकदम खाली येतं, शिवाय ब्रेकचा धोका तर जिवाशी आहे. वर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये ओव्हरलोडला २० हजार दंड आणि प्रत्येक जादा टनाला २ हजार. रोजच दोन टन असतील तर मोठी गाडी घ्या, दीड लिटरच्या गाडीला पाटे वाढवून ती मोठी होत नाही. आणि रिमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून, "पॉवर वाढवून देतो" म्हणणाऱ्याला लोडच्या गाडीजवळ येऊ देऊ नका.

चढावर वरच्या गिअरात गाडी रडवत नेऊ नका. बहुतेक छोट्या पिकअपचा जोर साधारण १६०० ते २५०० आरपीएमच्या पट्ट्यात असतो, त्याच्या खाली पूर्ण अॅक्सिलरेटर दाबला की बूस्ट कमी, डिझेल जास्त, काजळी आणि बेअरिंगवर हातोडे. गिअर एक खाली घ्या, इंजिनचा आवाज वाढेल, वाढू द्या. अॅव्हरेजसाठी म्हणून वरचा गिअर धरून ठेवणारे अॅव्हरेजही घालवतात आणि इंजिनही.

पाण्याबद्दल एकच गोष्ट ठासून सांगतो, बोअरचं पाणी टाकू नका, क्षार बसतात. कुलंट ठरलेल्या प्रमाणात, रेडिएटरच्या जाळीतला चिखल-चगाळ पावसाळ्यानंतर पाण्याने हळू धुऊन काढा. आणि गाडी गरम होते म्हणून मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकत असेल तर नाही म्हणा. मग इंजिन तापायचं तेवढं तापतच नाही, काजळी वाढते, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) भरतो, डीपीएफ साफ व्हायला लागणारी उष्णता मिळत नाही. मूळ कारण, म्हणजे चोंदलेला रेडिएटर नाहीतर फॅन नाहीतर वॉटर पंप, तसंच राहतं.

बीएस ६ वाल्यांसाठी

एप्रिल २०२० नंतरची गाडी असेल तर तुमच्या मॉडेलमध्ये काय बसवलंय, डीपीएफ का युरियाची टाकी का दोन्ही, ते मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, तो भरला की गाडी स्वतःच आतली उष्णता साधारण सहाशे डिग्रीपर्यंत नेऊन काजळी जाळते. पण त्यासाठी गाडी सलग चालायला हवी. गल्लीबोळात दूध, ब्रेड, पाण्याचे जार पोचवणारी गाडी दर दोन मिनिटांनी बंद होते, ते जाळणं अर्धवट राहतं, आणि प्रत्येक अर्धवट खेपेला थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. दिवा लागला की दुर्लक्ष करू नका, हायवेवर वीसेक मिनिटं एकसारखी चालवा, बहुतेकदा तेवढ्यात विझतो. कोणी डीपीएफ काढून पोकळ पाइप लावतो म्हणेल, ते बेकायदेशीर आहे, आणि काजळी कुठून एवढी येतेय हा प्रश्न तसाच राहतो.

आणि खरंच फक्त शहरातल्या शहरात, सहा-सातशे किलोच्या आत काम असेल तर टर्बो डिझेल घेताच कशाला? मारुती सुपर कॅरीसारखी पेट्रोल-सीएनजीची बिनटर्बो गाडी बघा. कामाप्रमाणे गाडी निवडली की अर्ध्या कटकटी तिथेच संपतात.

टर्बो गेलाच तर

निळा धूर, ऑइल कमी होणं, सायरनसारखा आवाज, जोर गायब. नवीन टर्बो आणून लावला आणि महिन्यात तोही गेला, ही तक्रार सारखी ऐकायला मिळते, आणि दोष नव्या टर्बोला देतात. जुना का गेला हे शोधल्याशिवाय नवा लावू नका. ऑइल देणारा बारीक पाइप आणि त्याचा बोल्ट साफ करून चालणार नाही, बदलाच. परतीचा पाइप मोकळा पाहिजे, ब्रीदर मोकळा पाहिजे, चेंबर खोलून जाळी बघा, ऑइल-फिल्टर नवीन. जुन्या टर्बोचं पातं तुटलं असेल तर इंटरकुलर काढून साफ करायलाच हवा, आत तुकडे आणि लिटरभर ऑइल असू शकतं. ऑइलच्या जोडावर सिलिकॉन लावू देऊ नका, त्याचा तुकडा सुटला की पाइप बंद. बसवताना नव्या टर्बोत हाताने ऑइल भरायचं आणि ऑइल प्रेशर येईपर्यंत इंजिन चालू न होऊ देता फक्त फिरवायचं. हे सगळं होताना समोर उभे रहा.

आणि एक जिवावरचं. टर्बोचं सील पूर्ण गेलं तर डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन चालायला लागतं, रेस आपोआप वर जाते, पांढरा-निळा धूर, आणि चावी काढली तरी थांबत नाही. घाबरून उडी मारू नका. ब्रेक पूर्ण दाबा, हँडब्रेक ओढा, सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच झटकन सोडा, इंजिन दाबून बंद पडेल. ते जमलं नाही तर लांब व्हा, माणसांना लांब करा, बॉनेट उघडून हाताने हवा अडवायला जाऊ नका.

जुनी पिकअप घेताना

न सांगता जा किंवा सांगा की माझ्यासमोर थंड गाडी चालू करायची. पोचल्यावर पहिला हात बॉनेटवर, गरम लागली तर चहा प्या, थांबा, नाहीतर दुसऱ्या दिवशी या. थंड चालू करताना धूर बघायला मागे माणूस उभा करा. मग गाडी स्लोवर असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून त्यावरच उलटं ठेवा, थोडं हलेल ते ठीक, पण उडत असेल, भकाभक वाफ येत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, रिंग-पिस्टनचं काम जवळ आलंय. कुलंटच्या टाकीत ऑइलचा तवंग आहे का बघा, ते मात्र गाडी थंड असतानाच.

इंजिन बंद आणि थंड असताना टर्बोकडे जाणारा हवेचा पाइप काढायला सांगा. आत बोट घालून दांडा हलवा, बाजूला किंचित हलला तर चालतं, तो तसाच असतो, पण पुढे-मागे सरकला, किंवा पातं कवचाला घासल्याची चकाकती रेघ दिसली, तर टर्बो संपलेला आहे. पात्याच्या कडा खाल्लेल्या दिसल्या तर गाडी फाटक्या फिल्टरवर चाललीय आणि लायनरही तसेच असणार.

पाटे मोजा. कंपनीपेक्षा जास्त पाटे, चॅसीवर वेल्डिंग, हौद्याच्या तळाला पोट, म्हणजे गाडीने काय ओढलंय ते कळलं, मीटरवर काहीही असो. स्कॅनर लावून जुने कोड (गाडीने नोंदवलेले बिघाड) बघा, आणि "आत्ताच साफ केले" असं उत्तर आलं तर चाळीस-पन्नास किलोमीटर चालवून परत लावा. ट्रायल रिकामी घेऊ नका, थोडा माल टाकून चढावर न्या, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात पूर्ण दाबा, बूस्ट एकसारखा येतो का, मध्येच जोर तुटतो का, मागे धूर किती. विकणारा चढावर न्यायला नाही म्हणत असेल तर व्यवहार तिथेच सोडा, आणि सगळं चांगलं निघालं तरी गाडी घरी आणल्या दिवशीच ऑइल, तिन्ही फिल्टर आणि टर्बोचे होज-क्लॅम्प बदलायचे पैसे किमतीतून आधीच बाजूला काढून मगच बोली करा.